झाकलेला भात

सुरत
९ जून २०२४

काजल,

तर मंग तुले कोणं सांगितलं होतं तो भात कॉलेजात न्याले? फोनवर मी हेच विचारलं, तं तू म्हणे, दादा, माय बाजूले आहे, मंग बोलू. मंग म्हणजे कवा? घरात तुम्हा दोघींच्या मधात एकच फोन, अन् माय तो स्पीकरवर टाकल्याबिगर बोलत नाई. म्हणून कागद घेतला. आठवीतून शाळा सोडल्यावर एवढं लांब पहिल्यांदाच लिहून राह्यलो, चुका काढू नको. तुह्या कॉलेजच्या पत्त्यावर टाकतो. घरी दाखवजो नको.

जयासोबत जुळलेलं माह्यं साक्षगंध मोडलं, ते मी एका बाजूले ठेवतो. जयाच्या बापानं बोरगाव मेघेहून निरोप धाडला, का ज्या घरच्या पहिल्याच जेवणानं आमची अर्धी सोयरीक सलाईनवर झोपली, त्या घरी पोरगी देत नाई. बरं, नको देऊ. पण गाव काय म्हणून राह्यलं होतं? गाव म्हणे बासुंदी खराब होती. मोतीलालच्या दुकानची बासुंदी, मे महिन्याचं ऊन, कोणालेही पटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी अन् गावचे पोट्टे सिंदीच्या बाजारात गेलो, त्याच्या दुकानाच्या दोन काचा फोडल्या, अन् मामला तिथंच मिटत होता. मोतीलाल बाजारातला माणूस आहे, दोन काचांनी त्याले काय फरक पडते?

पण तुले शहाणपण सुचलं. डब्यातला भात अन् वाटीतली बासुंदी घेऊन तू गेली वर्ध्याले तुह्या मॅडमकडं. अन् मंग लक्ष्मणराव मोठेबाबाच्या ओट्यावर बैठक बसली, तं सगळ्याइच्या समोर सांगून मोकळी झाली, का बासुंदी साफ आहे, जंतू भातात आहेत. भात कोणं शिजवला होता? आपल्या मायनं. पंधरा गावच्या लग्नात जिच्या हातचा भात लोकं मागून घेत, त्या बाईले आता कोणी बारशालेही बोलवत नाई. हे तुह्यं शिक्षण.

त्या दिवशी माह्यी गाडी लेट झाली, तं मायनं पाहुणे बसवून ठेवले. नवरदेव आल्याबिगर पान वाढत नाई म्हणे. मी सांजेले पोहोचलो तवा भातातून वाफ निघून राह्यली होती. एवढी इज्जत मले जिंदगीत कोणं देली नाई. अन् तशी माय तू पंचाइपुढं उभी केली.

मोतीलालचा प्रफुल तुले सकाळी बसपर्यंत सोडाले येते, हे मले इथं सुरतेत बसून समजते. कोणासाठी केलं तू हे, ते एकदा लिहून टाक.

आदेश


वर्धा
२२ जून २०२४

दादा,

तुझं पत्र आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी माझ्या हातात दिलं. उभ्यानंच वाचलं.

कोणासाठी केलं, तर मायसाठी केलं. तुला खरं वाटणार नाही. मला बासुंदीच खराब निघायला हवी होती. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव मायकडे तिरपं पाहायला लागलं होतं, आणि मला वाटलं, एकदा कागदावर आलं की बासुंदीत दोष आहे, म्हणजे कोणी ब्र काढणार नाही. माझा दुसऱ्या दिवसाचा डबा मायनं पंगत उठल्याबरोबर भरून फ्रिजमध्ये ठेवला होता, म्हणून भात हाताशी होता. तो मी नुसता जोडीला नेला. प्रयोगशाळेत बासुंदीच्या काचेच्या थाळीत काहीच उगवलं नाही. भाताच्या थाळीत पांढऱ्या, खरबरीत ठिपक्यांची गर्दी झाली, प्रत्येक ठिपक्याभोवती दुधाळ कडं. मॅडम म्हणाल्या, बॅसिलस सेरियस. मी त्यांना पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच आलं.

मग काय करायचं होतं मी? फुटलेल्या काचांसमोर मोतीलालजी रोज स्टूल टाकून बसायचे आणि समोरून लोक थुंकून जायचे. प्रफुलच्या आई शोभाकाकू घराबाहेर निघत नव्हत्या.

पण दादा, बैठकीत मी आणखीही सांगितलं होतं, ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. माय शिजवण्यात चुकली नाही. हा जिवाणू मातीतला आहे. त्याचं बी तांदळाच्या दाण्यावर असतंच, आपल्या, मोठेबाबांच्या, सगळ्यांच्या. उकळत्या पाण्यानं ते बी मरत नाही, उलट जागं होतं. ताजा भात खाल्ला तर काही होत नाही, कारण ते थोडे असतात. आणि थोडे असताना ते विष करत नाहीत.

हे मला फार नवल वाटतं, म्हणून लिहिते. विष कसं करायचं ते त्याच्या जीनमध्ये लिहिलेलंच असतं, पण तो ते बंद ठेवतो. एकट्यानं विष सोडून काय होणार? स्वतःच उपाशी पडायचं. म्हणून तो आधी अंदाज घेतो, आपण किती आहोत. प्रत्येक जण प्रोटीनचा एक बारीक तुकडा बाहेर सोडतो. बाहेर त्या तुकड्याची छाटणी होते आणि उरलेलं टोक पुन्हा आत ओढून घेतलं जातं. आजूबाजूला कोणी नसलं तर ते टोक विरून जातं, आत फारसं येतच नाही. गर्दी वाढली की एकमेकांची टोकं एकमेकांत शिरायला लागतात. आत एक प्रोटीन त्याचीच वाट पाहत असतं. टोक त्याला बिलगलं की ते जाऊन विषाच्या जीनवर बसतं आणि जीन उघडतात. मग सगळे एकदमच. एवढी गर्दी पोटात गेली की आतड्यात तेच चालू राहतं. म्हणून आपल्याकडे जेवताना कोणाला काही झालं नाही, अर्ध्या रात्रीनंतर पोटं सुटली.

गर्दी व्हायला दोन गोष्टी लागतात, ऊब आणि वेळ. आपल्याकडे भात चुलीवरच्या मोठ्या गंजातून काढून धुतलेल्या धोतरावर रास घालतात, वरून दुसरं धोतर, त्यावर बारदान. रास मधोमध दिवसभर कोमट राहते. सगळेच असं करतात. मोठेबाबांच्या घरच्या लग्नातही असंच केलं होतं, पण तिथं तासाभरात रास संपली.

बैठकीत माय उठली आणि म्हणाली, "भात माह्या हातचा होता. मीच लवकर शिजवून बसली, मले येळेचा अंदाज नाई आला." बस, एवढंच. त्यानंतर माझं पुढचं कोणी ऐकलं नाही. लोकांना एक नाव हवं होतं, ते मिळालं.

माय बरी आहे. मोठा गंज दर आठवड्याला घासून उपडा घालते. कोणी बोलावत नाही, तरी.

प्रफुलबद्दल तू लिहिलंस त्याला मी उत्तर देत नाही.

काजल


सुरत
५ जुलै २०२४

काजल,

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही समजलं नाई, दुसऱ्यांदा समजलं तवा डोकं फिरलं.

मी डाईंगमधी काम करतो, हे तुले सांगाले नको. इथंही कापड रंगात टाकलं का लगेच धरत नाई. पाणी तापत ठेवा लागते, येळ द्या लागते, मंग रंग असा बसते का सात धुण्यात निघत नाई. तं ऊब अन् येळ मले शिकवू नको.

अन् तुह्या त्या जंतूइची गोठ वाचून मले आपलं गावच दिसलं. साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी एक-एक माणूस मले रस्त्यात भेटला, तं हरेक जण म्हणे, आदेश, तुह्या मायच्या हातात अन्नपूर्णा आहे, दोष कोणाचा तरी दुसऱ्याचा. एकट्यानं कोणी वाकडं बोललं नाई. अन् तेच लोकं ओट्यावर गोळा झाले, का सगळ्याइच्या तोंडून एकच निघालं. कोणाचं टोक कोणात शिरलं, देव जाणे. मोठेबाबाही त्यातच. बाप मेल्यावर ज्यानं आमाले संभाळतो म्हटलं होतं, तो माणूस.

पण त्याइचं सोड. मले सांग, भात झाकला कोणं? तूच लिहिलं का शिजवण्यात खोट नव्हती, रास झाकून ठेवली तिथं झालं. तं बारदान टाकाले मायले कोणं सांगितलं होतं? आयुष्य गेलं तिचं चुलीपुढं, अन् एवढी अक्कल नाई का उन्हाळ्याच्या दिवसात अन्न असं दाबून ठेवू नये? सकाळीच कायले शिजवला? थोडा थांबून शिजवला असता, तं आज माह्या घरी बाई असती. मी इथं रंगाच्या पाण्यात कोपरापर्यंत निळा होऊन पैसे जमवले त्या साक्षगंधासाठी. लोकं खोटं नाई बोलत मंग. माह्या संसाराचा सत्यानास मायनंच आपल्या हातानं केला.

हे वाचून दाखवाचं असंन तं दाखव तिले. मी दिवाळीले येत नाई, हेही सांग.

प्रफुलचं उत्तर देत नाई म्हणते, म्हणजे मले जे समजाचं ते समजलं. काचा अजून दोन फोडाले पाह्यजे होत्या.

आदेश


वर्धा
१९ जुलै २०२४

दादा,

मायला मी शब्द दिला होता की तुला हे कधी सांगणार नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी तो शब्द मी मोडायचं ठरवलं. तरी इतके दिवस कागद कोरा ठेवला. आता लिहिते.

तुझी गाडी लेट नव्हती.

प्रफुल तुला घ्यायला मोटरसायकल घेऊन वर्धा स्टेशनवर गेला होता. मायनंच पाठवलं होतं, ऊन व्हायच्या आत आण म्हणून. गाडी वेळेवर आली. तू डब्याच्या दारात उभा होतास. त्यानं हाक मारली. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि आत गेलास. गाडी नागपूरकडे निघून गेली, आणि तो रिकाम्या मोटरसायकलनं परत आला.

तो आला तेव्हा भात नुकताच उतरला होता. पाहुणे मंडपात बसले होते, जयाकडच्या बायका सरबत पीत होत्या. प्रफुलनं मायला चुलीपाशी जाऊन हळूच सांगितलं, "काकू, आदेश उतरला नाई. समोर नागपूरकडं गेला." मी मागे पोळ्यांना तूप लावत होते, माझ्यासमोरच बोलणं झालं. मायनं हातातला झारा गंजावर आडवा ठेवला. मग त्याला म्हणाली, "गाडी लेट आहे म्हण. सगळ्याइले हेच सांग. तो येते." आणि मला म्हणाली, धोतर आण.

मोठेबाबा दोनदा आत आले, पंगत बसवू द्या म्हणून. जयाच्या आजीला, देवकाबाईंना, उपाशी राहवत नव्हतं. माय दोन्ही वेळा म्हणाली, पोरगा वाटेत आहे. दुसऱ्या वेळी तिनं बारदान आणून टाकलं. मी म्हटलं, माय, गार झाला तर होऊ दे. तर म्हणे, त्याले गार भात चालत नाई, लहानपणापासून नाई चालत, अन् आज त्याचा दिवस आहे.

तू विचारलंस ना बारदान टाकायला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही सांगितलं.

तू सांजेला आलास. पायात नवे बूट होते, हातात नागपूरच्या दुकानाची पिशवी होती. मी पाहिली. मायनंही पाहिली. तिनं पिशवी तुझ्या हातातून घेतली आणि आतल्या खोलीत कपाटामागे ठेवली, कोणाला दिसू नये म्हणून. तू बुटांसाठी गेला होतास, का लग्नापासून पळून अर्ध्या वाटेतून परत आलास, ते मला माहीत नाही. मायनं ते कधी विचारलं नाही, म्हणून मीही विचारत नाही.

आता प्रफुल. त्याच्या बापाच्या दुकानाच्या काचा तू फोडल्यास तेव्हा तो गल्ल्यावर होता. तुझ्यासमोर त्याला एवढंच म्हणता आलं असतं की हा सकाळी माझ्यासमोरून गाडीत बसून निघून गेला, भात याच्यासाठी थांबला. तो बोलला नाही. बैठकीतही बोलला नाही. मायनं त्याला हात जोडले होते म्हणून. बसपर्यंत तो मला का सोडतो, तर गावातले पोट्टे मला रस्त्यात अडवून भाताचे विनोद करतात म्हणून. त्यात तुझ्याबरोबर दगड घेऊन गेलेलेच आहेत.

ओट्यावर गर्दीनं काय केलं ते तुला छान कळलं. बाजारात गेलास त्या दिवशी तूही एकटा नव्हतास, दादा. एकटा असतास तर दगड उचलला असतास का, ते तुझं तू पाहा.

मायला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. तू दिवाळीला येत नाहीस एवढं मात्र सांगितलं. ती म्हणाली, कामात असंन.

काजल


वर्धा
८ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. फोनवरही तू मायशी हवापाण्याचं बोलून ठेवून देतोस. मायला वाटतं तुझी तब्येत बिघडली आहे.

भांडायला लिहीत नाही. इथलं कळवते.

नवरात्रात देवीचा महाप्रसाद आहे, हे तुला माहीतच आहे. दरवर्षी भात मायचा असतो. यंदा मंडळानं वर्ध्याच्या कॅटररला बोलवायचं ठरवलं होतं. माय मोठेबाबांच्या घरी स्वतः गेली. मी सोबत होते. ती ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. बैठकीनंतर ती त्यांच्या दाराशी गेली नव्हती.

मोठेबाबा म्हणाले, आनंदाबाई, मागं बसून पोळ्या लाटा, त्याले कोणाचं काही म्हणणं नाई, पण भात नको. मग मी सांगितलं की रास घालायचीच नाही. पंगत बसली की तिच्यापुरता भात शिजवायचा, ती उठेपर्यंत दुसरा गंज चढवायचा, उरलेला ठेवायचा नाही. जिवाणूंना गर्दी करायला वेळच मिळत नाही. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "मंडळाची भट्टी एक आहे, ते वरण-भाजीतच गुतते. तुमची सोताची दुसरी भट्टी असंन तं भात तुमचा. नाई तं पोळ्या."

परत येताना माय वाटेत म्हणाली, पोळ्या लाटू, त्यातही वाईट काय आहे? घरी आली आणि तिनं गंज घासायला घेतला. चकचकीत असलेला गंज पुन्हा घासला. मला तिच्याजवळ बसवेना.

एकदा भात तिच्या हातून गेला की परत येणार नाही, हे तिलाही कळतं, मलाही. पुढच्या हंगामात लोक म्हणतील, देवीच्या महाप्रसादातही बाजूला ठेवली होती. मग लग्नाचं कोण बोलावणार?

तुझ्याकडे काही मागत नाही. तिनं तर तुला हे कळवूच नको म्हटलं आहे. पण तुझ्यापासून गोष्टी लपवून काय झालं ते मी पाहिलं, म्हणून लिहिलं.

काजल


सुरत
१८ सप्टेंबर २०२४

काजल,

तुह्या जुलैच्या पत्राले उत्तर लिहाले चार वेळा बसलो. प्रफुल खोटं बोलते, असं लिहिलं अन् फाडलं. मंग दुसरं काय लिहाचं ते सुचलं नाई, म्हणून नाई लिहिलं. तुले राग आला असंन तं येऊ दे. मलेही तुह्या राग कमी नाई आला. असं सगळं उघडं करून लिहाचं काय काम होतं? मायनं झाकलं होतं ना?

बुटाचं विचारत नाई म्हणते अन् पिशवीपर्यंत सगळं लिहिते. ते बूट इथं खोलीतल्या चिंधूले देऊन टाकले. त्याचं पाऊल लहान आहे, तरी कागद कोंबून घालते अन् मले म्हणते, भाऊ, नवेच तं दिसतात, काऊन देले? मी म्हटलं चावतात.

इथं रातपाळीले एकदा मशीन बिघडलं तं सगळा कपडा तापल्या पाण्यात तसाच राह्यला. सकाळी पाहतो तं रंग असा चढला होता का काळा दिसे. मालकानं विचारलं कोणाची पाळी होती. आमी सात जण होतो, सातही गप. मंग एकानं एका बिहारी पोट्ट्याचं नाव घेतलं, अन् मंग सगळ्याइनं घेतलं. मीही. तो त्याच दिवशी गेला. हे तुह्या पत्राच्या आधीचं आहे. कायले सांगून राह्यलो ते मलेही समजत नाई.

मोठेबाबाले सांग, भट्टी येते. वर्ध्याले भांड्याच्या लाईनीत जे दुकानं आहेत तिथं तू सोता जाजो, माय गेली तं हलकी घेऊन येईन. मोठ्या तोंडाची पाह्यजो, नळी अन् रेग्युलेटर नवा घेजो. मायले म्हण ओव्हरटाइमचे पैसे आहेत. भट्टी घेऊन जे उरन ते प्रफुलच्या हातात देजो. मोतीलालच्या नाई, प्रफुलच्या. कायचे ते त्याले सांगाले नको, त्याले समजते. त्याच्यानं घेतले नाई, तं गल्ल्यावर ठेवून येजो.

मी महाप्रसादाले येत नाई. दिवाळीचंही नक्की नाई. आलो तं सांगून येणार नाई, अन् तूही मायले कधी म्हणजो नको का आदेश येऊन राह्यला. तिले समजलं तं ती देवीच्या दारातही पंगत थांबवन अन् भातावर बारदान टाकन.

पहिली पंगत बसली का वाढा. कोणासाठीच थांबू नका.

पैसे आज तुह्या खात्यात टाकले. सात हजार दोनशे रुपये.

आदेश